तेल विसरला तो मिस्त्री

“मिस्त्री, तुम्ही जरा बाहेर थांबा. पूजा होऊ दे.”

डॉक्टरांच्या बायकोने भिंतीवरचं बटण दाबलं आणि गॅरेजचं दार वरून खाली आलं. माझ्या नाकापुढे. मी ड्राइव्हवेवर. अंगात नुसता शर्ट. कोट आत खुंटीला राहिला होता. माझे पाने-पकडी आत. सकाळपासून पुसून लख्ख केलेली कार्टसुद्धा आत. न्यू जर्सीतला ऑक्टोबर, हवा बोचरी. दसरा होता.

कार्ट म्हणजे शर्यतीची छोटी गाडी. छत नाही, दार नाही. नळ्यांचा सांगाडा, चार बुटकी चाकं, एक सीट आणि सीटच्या कुशीला उघडं इंजिन. ते इंजिन मी बांधलेलं होतं. त्यावर डॉक्टरांचा समीर शर्यती जिंकायचा. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सीझनची शेवटची शर्यत होती. मोठ्या गाड्यांच्या एका टीमचा मालक खास समीरला बघायला येणार होता.

आतून आरती ऐकू येत होती. टाळ्या. शेजारचा गोरा म्हातारा पानं गोळा करत होता. त्याने विचारलं, “लॉक्ड आउट?” मी मान हलवली. काय सांगणार त्याला?

दार वर गेलं. कार्टच्या गळ्यात झेंडूची माळ, सीटवर समीर पेडल दाबतोय, डॉक्टर फोटो काढतायत. वहिनींनी कागदी प्लेटमध्ये प्रसाद आणून माझ्या टूलबॉक्सवर ठेवला. हातात दिला नाही.

“आणि उद्यापर्यंत हात नका लावू हं कार्टला. पूजा झालीय.”

“वहिनी, मला रात्री इंजिन एकदा हाताने फिरवून बघावं लागतं.”

“एक दिवस नाही बघितलं तर काय होतंय?”

समीरने ट्रकमध्ये कार्ट चढवली. डॉक्टरांनी हात लावला. मी बघत उभा राहिलो.

आता मागचं सांगतो. मी सातवी शिकलेला. अकोल्याकडे बसच्या डेपोत फिटर होतो. माझी बायको कमल नर्स. अमेरिकेला नर्सा हव्या होत्या, तिला बोलावणं आलं. तिच्या मागे मी आलो. इथल्या मराठी मंडळातले लोक हसायचे. “नवरा बायकोच्या व्हिसावर!” मी पण हसायचो. गॅस स्टेशनच्या गॅरेजमध्ये काम मिळालं. तिथे डॉक्टर गाडी घेऊन आले, माझं मराठी ऐकून खूश झाले. पुण्याचे. म्हणाले, “अरे वा, आपला माणूस!”

त्यांनी नऊ वर्षांच्या पोराला कार्ट घेऊन दिली होती आणि ती चालू होत नव्हती. मी रविवारी गेलो. चालू केली. मग सहा वर्षं रविवारी तिथेच होतो.

पोरगं गुणी होतं. खोटं कशाला सांगू. वळणावर ब्रेक कुठे सोडायचा हे त्याला कुणी शिकवलं नाही. मी ट्रॅकच्या कडेला डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकायचो. खाली उतरला की म्हणायचा, “काका, मागचं स्लाइड होतंय.” मी चाकांची रुंदी पाव इंच बदलायचो. पुढच्या फेरीत अंगठा दाखवत जायचा. त्या अंगठ्यासाठी मी सहा वर्षं घालवली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. माझं जेवण ट्रॅकवर, त्याच्या डब्यातून. पहिला घास तो मला द्यायचा.

डॉक्टर म्हणायचे, “मिस्त्री, हा मोठ्या गाडीत बसला की तुम्ही याच्या टीममध्ये. शब्द देतो.”

कमल मात्र म्हणायची, “तो तुम्हाला काका म्हणतो. म्हणून पुतण्या होत नाही.” नाइट शिफ्टवरून यायची, पाय सुजलेले, आणि मी हेल्मेटची काच पुसत बसलेलो. मी तिच्यावर ओरडायचो. लोकांचं चांगलं बघवत नाही तुला. असं म्हणायचो मी. माझ्या कमलला.

त्या दसऱ्याच्या महिनाभर आधी वहिनी पहिल्यांदा आमच्या घरी आल्या. समीरचे हातमोजे माझ्याकडे राहिले होते. हॉलमध्ये बुद्धाची तसबीर, शेजारी निळ्या कोटातला फोटो. वहिनी बघत राहिल्या. “अच्छा,” म्हणाल्या. “तुम्ही ते होय. आम्हाला वाटलं नव्हतं.” कमलने चहा टाकला होता. त्या न पिता गेल्या. उपास आहे म्हणाल्या.

त्यानंतर त्यांच्या घरी मला चहा कागदी कपात येऊ लागला. आता अमेरिकेत कागदी कप सगळ्यांनाच देतात. म्हणून मी मनाला समजावलं. पण डॉक्टर स्टीलच्या कपात पीत होते, समीर काचेच्या ग्लासात दूध पीत होता. आणि सहा वर्षं माझा पण कप स्टीलचाच होता. कळत होतं. कळून घ्यायचं नव्हतं. गावात विटाळ होता तर निदान तोंडावर होता. इथे वापरून कचऱ्यात टाकता येत होता.

तर रविवार. ट्रॅकवर मी इंजिनच्या तोंडातलं फडकं काढलं. कार्ट उभी असली की कार्ब्युरेटरच्या उघड्या तोंडात मी फडक्याचं बूच घालायचो. इंजिन त्या तोंडातून श्वास घेतं. आत खडा गेला तर संपलं. वाकून बघितलं. काही दिसलं नाही. इंजिन चालू केलं. आवाज मला किंचित खरखरीत वाटला. डॉक्टरांना म्हणालो, “पाच मिनिटं द्या, खोलून बघतो.” ते म्हणाले, “आता नको, लोक बघतायत.”

चौथ्या फेरीला समीर दुसरा होता. लांब सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात इंजिन आवळलं, जाम झालं. मागची चाकं जागच्या जागी लॉक. कार्ट भोवऱ्यासारखी फिरली, टायरांच्या भिंतीवर आदळली. मी धावलो. पोरगं बाहेर पडलेलं, मनगट धरून. मी हेल्मेट काढलं, त्याचं तोंड हातात धरलं. शुद्धीत होता. 

टीमचा तो मालक पण आला. उंच माणूस, टोपी. त्याने समीरला विचारलं, काय झालं? समीरने माझ्याकडे बघितलं. आईकडे बघितलं. आणि म्हणाला, “अवर मेकॅनिक फरगॉट द ऑइल.”

या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच तेल कालवतात. न घालता चालवलं तर पिस्टन आवळतो. फिटरने ते विसरणं म्हणजे आईने पोराला पाजायचं विसरणं. माझा कॅन तिथेच होता. तेल घातलेलं पेट्रोल निळसर दिसतं. मी झाकण उघडून पुढे केला. “बघा. लुक. ब्लू.” कुणी वाकून बघितलं नाही. टोपीवाला समीरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुझा दोष नाही, मुला. हिवाळ्यात ये आमच्याकडे.

वहिनी मराठीत म्हणाल्या, हळूच, पण मला ऐकू जाईल अशा. “काही काही हातांना यशच नसतं.”

इंजिन ट्रकच्या कोपऱ्यात टाकलं होतं. ते मी उचलून घरी नेलं आणि त्याच संध्याकाळी खोललं. आत पातळ पत्र्याच्या पाकळ्या असतात. श्वास आत घ्यायला उघडतात, मग मिटतात. मिटल्या नाहीत तर पेट्रोल-तेल पुरतं आत जात नाही, पिस्टन आवळतो. त्या पाकळ्यांत तांदूळ अडकलेले. दोन अख्खे, एक चिरडलेला. कुंकवाने लाल.

अक्षता.

कमलने आपल्या कामाच्या चिमट्याने ते दाणे काढले आणि काचेच्या बाटलीत घातले. तिने मला काही सुनावलं नाही. तिने सुनावायला हवं होतं.

सोमवारी बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेलो. दारातच उभं केलं. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. माणूस हुशार. लगेच कळलं. बायकोला हाक मारली.

वहिनी म्हणाल्या, “ते घाणेरडं फडकं पूजेत कसं ठेवणार? मी काढलं. समीरने नंतर परत घातलं होतं.”

“आणि मधल्या वेळात अक्षता टाकल्या,” मी म्हणालो. “वर समीर फोटोसाठी पेडल दाबत होता. पेडल दाबलं की आतली झडप उघडते. रात्री मला हात लावू दिला असता तर सापडलं असतं. काल तुमचं लेकरू मेलं असतं.”

“अशुभ बोलू नका माझ्या दारात.”

डॉक्टर मध्ये पडले. “मिस्त्री, शांत व्हा. झालं ते झालं. हे कुणाला सांगू नका. समीरचं आत्ताच कुठे जमतंय. तिथे हे पूजाबिजा कळलं तर लोक हसतील. तुमचं काय जातंय? तुम्हाला कोण ओळखतं?”

जिन्यावर समीर उभा होता. हाताला प्लास्टर. मी त्याला विचारलं, “तुला माहीत होतं ना? आईने फडकं काढलं तेव्हा तू सीटवर होतास ना?”

त्याने प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “सॉरी काका. इट्स जस्ट ईझिअर इफ इट्स यू.”

मला इंग्रजी कमी कळायचं. हे सगळं कळलं. तुमच्यावर ढकललं की सोपं जातं. पंधरा वर्षांच्या पोराने, अमेरिकेत जन्मलेल्या, ज्याला जात या शब्दाचं स्पेलिंग येत नव्हतं, त्याने आपल्या बापजाद्यांची सगळी विद्या एका वाक्यात म्हणून दाखवली.

त्या दिवशी मी काहीच बोललो नाही. ती माझी चूक. बाटली त्यांच्याकडेच राहिली.

मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. समीरचा सत्कार. शाल, नारळ, टाळ्या. मग डॉक्टरांनी माइक घेतला. “आमच्या मिस्त्रींकडून तेल घालायचं राहून गेलं. चूक कुणाकडूनही होते. आम्ही मनात ठेवलेलं नाही. मिस्त्री, या वर, तुम्हालाही नारळ देतो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांच्या मोठ्या मनाला. मी वर गेलो. नारळ पुढे आला. मी घेतला नाही. माइक घेतला.

म्हणालो, “तेल मी घातलं होतं. इंजिनात अक्षता गेल्या. मला बाहेर उभं करून पूजा केली म्हणून गेल्या. आणि हे या तिघांना माहीत आहे.”

 मागून कुणीतरी म्हणालं, “जाऊ द्या ना काका, यार, सणाच्या दिवशी.” पुढच्या रांगेतले एक इंजिनिअर उठले. “अहो, इथे अमेरिकेत कशाला जात काढता?” मी जातीचा शब्द उच्चारला नव्हता. एकदाही नाही. त्यांनी काढला.

समीर बुटांकडे बघत होता. कुणीतरी माझा माइक बंद केला. तेवढ्यात मागून कमल उठली. तिला ड्युटीवर जायचं होतं, पांढऱ्या ड्रेसमध्येच आलेली. खुर्च्यांच्या मधून सरळ चालत वर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.  मग म्हणाली, “चला.” आम्ही निघालो. त्या हॉलमध्ये पुन्हा पाय ठेवला नाही.

समीर मोठा झाला. मोठ्या गाड्यांत गेला, टीव्हीवर दिसला, वेगाने नाव कमावलं. त्याची गाडी चालवण्याची ताकद मी नाकारत नाही. पण मुलाखतीत तो ठरलेली एक गोष्ट सांगतो. कार्टिंगच्या दिवसांत आमचा मेकॅनिक तेल विसरला, तेव्हापासून मी कुणावर विसंबून राहत नाही. सगळं स्वतः तपासतो. शाळेतल्या पोरांना सांगतो. लोक लिहून घेतात. माझ्या बदनामीचा त्याने सुविचार केला.

पुढे मी माझं गॅरेज काढलं. पाटीवर माझं नाव, आडनावासकट. ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारातले अर्धे दुकानदार माझ्याकडे गाडी आणायचे. ज्याला आडनाव वाचून पुढे जायचं होतं तो गेला.

कमल मागच्या वर्षी वारली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहिली, स्वतः अकरा दिवसांत गेली. मी कुठलंही पत्र लिहिलं की ती वाचून दुरुस्त करायची. हे लिहिलंय ते कुणी दुरुस्त केलेलं नाही.

तिच्यानंतर दीड महिन्याने डॉक्टरांचा फोन आला. नव्वदीला टेकलेत. “कमलवहिनींचं कळलं. वाईट झालं,” म्हणाले. आणि त्याच दमात, “मिस्त्री, मंडळाची स्मरणिका निघतेय. समीरच्या सुरुवातीच्या दिवसांवर तुम्ही लिहा. ते दिवस बघितलेले तुम्हीच उरलात. जुनं काही मनात धरू नका. छान, गोड लिहा. प्रकाशनाला समीर येणार आहे.”

मी हो म्हणालो. लिहिलं. हेच ते.

संपादकसाहेब, डॉक्टरांचं नाव मी घातलेलं नाही. माझं घातलेलं नाही. भीतीने नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील, आणि बाकीच्यांनी आपापल्या घरातला कप आठवावा. यातला एकही शब्द कापायचा नाही. जागा नाही, विषय सोडून आहे, ही कारणं मला चालणार नाहीत. छापलं नाहीत तरी प्रकाशनाला मी येणार. पहिल्या रांगेत बसणार. समीर माइकवर आला आणि ती गोष्ट सांगायला लागला की मी उठणार आणि हे कागद वाचणार. माइक बंद करा. मी मोठ्याने वाचीन. माझं वाचन अडखळतं. अडखळत वाचीन. पण त्याच्या तोंडावर वाचीन, आणि शेवटपर्यंत वाचीन.