सातव्या भागातलं हललेलं यान

२०२३ साल. मला सत्तर पूर्ण झाली होती. शिक्षण चौथी, तेही गावच्या शाळेत. तेव्हा लिहिताना कुठं अडखळलो तर वाचणाऱ्यानं पुढं जावं, मी माफी मागणार नाही.

त्या साली लालबागला आमच्या चाळीत दोन माणसं मला शोधत आली. एक पन्नाशीचा, टक्कल पडलेला, बँकेत नोकरीला. दुसरी बाई, कॉलेजात शिकवणारी. चपला बाहेर काढून आत आली आणि तो टकल्या एकदम माझ्या पायाच पडला.

"अहो, मी काय बुवा-बिवा नाही," मी म्हटलं.

"काका, ते यान तुम्हीच बनवलंत ना?"

सदतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. यान ज्या टीव्ही मालिकेत होतं तिच्या शेवटी पाट्या वर सरकायच्या त्यात चहावाल्याचं नाव होतं, आमचं नव्हतं. मी काही मागायला गेलो नाही. मागणं माझ्या स्वभावात नाही.

गोष्ट अशी. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघं गिरणीत सूत कातायच्या खात्यात. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. मग पोटासाठी आम्ही गणपतीतले हलते देखावे करायला लागलो. मागे फळीवर बसून दोऱ्या ओढायच्या, पुढं राक्षसाचा हात वर जायचा, देवीची मान वळायची. मोटरी नंतर आल्या. आमच्यात एक रीत होती. पहिल्या दिवशी ज्यानं दोऱ्या बांधल्या, विसर्जनापर्यंत त्यानंच ओढायच्या. हात बदलायचा नाही. हात बदलला की मूर्ती अडखळते, आणि मंडळवाले मग वर्षभर तेच धरून बसतात. भावाचा हात माझ्यापेक्षा हलका. दोऱ्या तोच बांधायचा.

१९८६ साली सरकारी टीव्हीसाठी एक मालिका निघाली. आपली माणसं दुसऱ्या ग्रहावर जातात अशी, तेरा भागांची. लोअर परळला एका रिकाम्या गोदामात शूटिंग. दिग्दर्शकानं आमचा देखावा बघितला होता, म्हणाला, मला यान करून द्या. आम्ही केलं. दोन जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, थाळे उलटसुलट जोडले, खाली गिरणीतली लाकडी बॉबिनं, छत्रीच्या काड्या, आत टॉर्चचे बल्ब. वरून मुकुटाला लावतात तो चंदेरी रंग. नायलॉनची दोरी दिव्याखाली चमकते, म्हणून खळ दिलेलं सूत घेतलं आणि स्टोच्या काजळीनं काळं केलं. भाऊ वर पंधरा फुटांवरच्या फळीवर पालथा पडायचा आणि यान उडवायचा. इतकं गुळगुळीत की दिग्दर्शक टाळ्या वाजवायचा.

सातव्या भागाचं शूटिंग चार दिवस चाललं. पहिल्या दिवशी सकाळी धाकटी, म्हणजे भावाची बायको, दारात आडवी आली. तिनं माझ्याशी सरळ बोलायची पद्धत नव्हती, पण त्या दिवशी बोलली.

"भावजी, त्येंका आज ऱ्हवांद्या. आंग तापलाहा."

मी म्हटलं, "पावसाळी ताप आसा. गोळी दी."

चौथ्या दिवशी त्याचे डोळे लाल झाले होते. दिग्दर्शकाला पण दिसलं. तो म्हणाला, "अरे, दुसरा कुणीतरी चढव."

"आमच्यात हात बदलत नाहीत, साहेब," मी म्हटलं. आजही तो आवाज मला ऐकू येतो. केवढी ऐट होती त्यात. खाली तीन माणसं रिकामी उभी होती. मी स्वतः उभा होतो.

भाऊ चढला. यान आपला ग्रह सोडून निघतं तो प्रसंग. निघालं आणि हललं. चार सेकंद थरथरलं, मग सावरलं आणि गेलं. परत घ्यायला वेळ नव्हता, तेच राहिलं. खाली उतरल्यावर मी त्याला सगळ्यांसमोर बोललो, "लाज काढलीस." तो शिडीच्या पायरीवर बसून राहिला.

विषमज्वर होता. आतडं फुटलं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणायला पाहिजे होतं. गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता.

चौथ्या दिवशी फळीवर काय झालं ते मी घरी सांगितलं नाही. आईला नाही, धाकटीला नाही. सातवा भाग टीव्हीवर लागला तेव्हा सगळी चाळ एका खोलीत कोंबून बसली होती. यान हललं तेव्हा पोरं हसली. धाकटी उठून गॅलरीत गेली. त्यानंतर आमच्या दोन खोल्या भिंतीला भिंत लागून, माझी बायको गेल्यापासून माझं ताटही तीच वाढते, पण त्या चार सेकंदांचा विषय कधी निघाला नाही.

तर ही दोन माणसं त्या मालिकेची भक्त निघाली. अशी शेकड्यांनी आहेत म्हणे. एका कंपनीनं जुन्या टेपा घेतल्या होत्या आणि त्या साफसूफ करून, रंग उजळून, नव्यानं दाखवणार होती. त्यावरून भक्तांत दोन तट पडले होते. रविवारी सकाळी दादरला एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती, कंपनीचा माणूसही येणार होता. मी पाहुणा.

धाकटी चहा घेऊन आली होती. बाई तिला म्हणाली, "तुम्हीपण या ना, काकू." मला वाटलं नाही म्हणेल. तिनं विचारलं, "मोठ्या पडद्यावर दाखवतले?"

"हो, अख्खा सातवा भाग."

"मग येतंय," ती म्हणाली.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. डोक्यावर केस पिकलेले, पोटं सुटलेली, आणि भांडत होती पोरांसारखी. धाकटी मागच्या रांगेत खिडकीपाशी बसली. मला पुढं खुर्ची.

एक जण उठला. "दोऱ्या दिसतात हो! माझी मुलगी हसली. म्हणाली, बाबा, हे यान वाळत घातलंय का?"

"हसू दे. आपणही हसायचो, आणि तरी घाबरायचो."

"तू तर सोफ्याखाली जायचास!"

"सोफा कुणाकडे होता रे? चटईखाली म्हण!"

हॉल हसला. बँकवाला चिडून म्हणाला, "उद्या म्हणाल आजोबांच्या फोटोतल्या सुरकुत्या काढा."

"काढतात की! श्रद्धांजलीच्या बॅनरवर बघ. माझ्या काकांना मेल्यावर पंचविशीचं करून टाकलं, काकू ओळखेना."

असं तासभर. मला त्यांचं बोलणं आवडत होतं, खोटं कशाला सांगू. आम्ही काजळी लावलेलं सूत या माणसांनी लहानपणापासून डोक्यात जपलं होतं. कुणी म्हणे खळीचा वास येतो पडद्यातून. मी मान ताठ करून बसलो होतो.

मग कंपनीचा माणूस उठला. तिशीचा, शांत बोलणारा. पडद्यावर त्यानं सातवा भाग लावला, डावीकडे जुना, उजवीकडे साफ केलेला. यान निघालं. डावीकडचं हललं. उजवीकडचं तेल लावल्यासारखं सरळ गेलं.

मी मागं वळून बघितलं नाही.

"दोऱ्यांचं तुमचं म्हणणं पटलं," तो म्हणाला. "दोऱ्या ठेवू. पण हा थरथराट कॉम्प्युटरनं काढलाय. आमचा नियम साधा आहे. चूक असेल तर काढतो. मुद्दाम केलेलं असेल तर हात लावत नाही."

कॉलेजातली बाई तावातावानं उभी राहिली. "चूक कशी असेल? यान घर सोडताना कचरतंय! सबंध मालिकेतला तो सगळ्यात मोठा क्षण आहे. मी वर्गात शिकवते तो."

"मॅडम, बजेट नव्हतं, हात हलला," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग काकांनाच विचारा की! बनवणारा समोर बसलाय."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगितलं असतं तर ती चूक ठरली असती आणि भावाचा हात त्यांनी पुसला असता. त्याचं दुसरं काही उरलेलं नव्हतं. लग्नातला एक फोटो, त्यातही अर्धं तोंड मुंडावळ्यांच्या आड. हे मी स्वतःला त्या घटकेला सांगितलं. पण तेवढंच नव्हतं. आमच्या कामात खोट होती हे सत्तर माणसांसमोर मला म्हणायचं नव्हतं. आणि ताप आलेल्या माणसाला कुणी चढवलं, हा पुढचा प्रश्न मला नको होता.

"मुद्दाम," मी म्हटलं. "मीच भावाला सांगितलं, इथं जरा हात हलव. घर सोडतंय ते."

टाळ्या अशा वाजल्या की खिडकीवरची कबुतरं उडाली. बाईच्या डोळ्यांत पाणी. कंपनीच्या माणसानं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, "मग प्रश्नच मिटला. राहू देतो." टकल्यानं शाल घातली. फोटो काढले. मी हसलो असेन, फोटोत तसं दिसतं.

धाकटी खाली फुटपाथवर उभी होती. बसस्टॉपपर्यंत ती दोन पावलं मागंच चालत राहिली. बस यायची होती. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं,

"ता मुद्दाम होता?"

मी म्हटलं, "रवला ना ता? आता पुसणत नाय."

"माका वाटला, आज तरी सांगतलात." बस येते त्या बाजूला बघत ती म्हणाली, "सदतीस वर्सां वाट बघलंय."

म्हणजे तिला माहीत होतं. तीन रिकाम्या माणसांपैकी कुणीतरी तेव्हाच तिला सांगितलं असणार, हात बदलत नाहीत हे माझे शब्दसुद्धा. आणि ती माझं ताट वाढत राहिली होती. बस आली. बायकांच्या सीटवर बसून ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी शाल घडी करून पिशवीत कोंबली.

दुपारी तिनं नेहमीसारखं ताट वाढलं. मी म्हटलं, "खरा सांगलंय तर पुसतले गो."

"पुसूंदेत," ती म्हणाली. "थंय काय होता ता माका म्हायत आसा."

एवढंच बोलून ती भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून धुतलेला शर्ट घातला. निघताना धाकटी दारात आली. वाटलं काही बोलेल. "चष्मो घेवा," म्हणाली. मी चालत लोअर परळला गेलो. कंपनीचं ऑफिस एका गिरणीच्या जागेवर, काचेचं, वीस मजली. आमची गिरणी नव्हे, शेजारची. गेटवरच्या रखवालदारानं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि रजिस्टर पुढं सरकवलं. नाव, वेळ, कोणाकडे, काम. पहिले तीन रकाने मी भरले. पाठीमागं आय-कार्ड लटकवलेली पोरं रांगेत चुळबुळत होती. "आजोबा, जल्दी," रखवालदार म्हणाला. मी चष्मा लावला आणि कामाच्या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं, भावाला ताप होता, मी चढवलं.