गायीला तेल, लेकीला तूप

काकतीच्या पुढं आमचं गाव. पहिल्या बाळंतपणाला मी निपाणीहून माहेरी गेले आणि त्याच उन्हाळ्यात आईची जर्सी गाय व्याली. घरात आई, मी आणि माझी तान्ही लेक, एवढीच माणसं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. "दोघी बाळंतिणी एकदम घरात! मला आता बसाय सवड न्हाय बघ," असं आई म्हणायची, पण मनातून लई खूश असायची.

माझ्या लाडवांचं तूप मावशीकडून यायचं. आमच्या गायीचं दूध तांब्याभर घरात ठेवून बाकी सगळं डेअरीला. फॅट चारच्या खाली कधी आली नाही. डेअरीचा सेक्रेटरी दुसऱ्यांना सुनवायचा, "दूध आणायचं तर आक्कासारखं आणा." हे आई घरी येऊन दोन-दोनदा सांगायची. तिला मिरवायला दुसरं होतं तरी काय?

कारहुणवीच्या सणाला आमच्याकडे बैलांना बांबूच्या नळ्यानं तेल आणि अंडी पाजतात. बैल विकून ट्रॅक्टर आला, पण नळा गोठ्यात खुंटीला तसाच होता. त्या वर्षी आईनं तो खाली काढला. तेलानं बैल अंग धरतो, तर व्यालेल्या गायीला का नको? घाण्यावरचं शेंगतेल, रोज सकाळी, गायीचं तोंड वर धरून. गाय कशी तुकतुकीत दिसायला लागली! आई तिच्या पाठीवरून हात फिरवायची. "बघ आता दूध कसं दाट हुतंय."

दाट कसलं डोंबलाचं! फॅट साडेतीनवर आली. आईनं तेल वाढवलं. मग तीनच्या आत गेली. आईनं आणखी वाढवलं. घरच्या दुधावरची सायसुद्धा पातळ, बोट लावलं की विरघळणारी. डिग्री मात्र चोख लागायची, म्हणजे पाणी घातलेलं नाही. मग सेक्रेटरीनं भर रांगेत विचारलं, "आक्का, साय काढून दूध आणताय व्हय?"

मागची एक बाई हसली. "लेक आलीया न्हवं बाळंतपणाला! लाडू काय तेलात वळायचे?"

आई घरी आली आणि रिकामी किटली मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. ती सेक्रेटरीला म्हणाली होती, पहाटे ये, तुझ्या डोळ्यांदेखत धार काढते. तो म्हणाला, आम्हाला दुसरी कामं न्हाईत का?

त्या दिवसापासून घरातला तांब्याभर दुधाचा वाटा बंद झाला. चहा कोरा. मावशीच्या तुपाचा डबाही आईनं परत पाठवला, कुणाला घरात तुपाचा वास येऊ नये म्हणून. मी ओरडले, "अगं, माझ्या पोरीला अंगावर पाजायचंय मला! लोकांसाठी मला उपाशी ठेवतीस?" तिनं भाकरीवर तेल घालून ताट माझ्यापुढं सरकवलं. मला तिचा इतका राग आला होता की मी ताट तसंच ठेवलं.

वासराला जंताचं औषध द्यायला जनावरांचा डॉक्टर आला, तेव्हा आई गायीला तेल पाजत होती. "साकु आक्का, साकु! पुरे करा," म्हणत त्यानं नळाच काढून घेतला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जंतू असतात, एवढं तेल गेलं की ते त्याचं भलतंच काहीतरी करून टाकतात, आणि ते कासेत पोचलं की दुधात चरबीच धरत नाही. "दाट व्हायचं सोडा, तुमीच दूध पातळ केलासा," तो म्हणाला. आईनं नळा परत घेऊन खुंटीला अडकवला. मग म्हणाली, "हे डेअरीत येऊन सांगशील का, बाबा?" त्याला पुढच्या गावाला जायचं होतं.

तेल बंद झालं. त्याच आठवड्यात माझ्या सासरचे मला न्यायला आले. निघायचं आधीच ठरलेलं होतं.

पुढं एकदा मीच फोन केला. आई म्हणाली, "फॅट चारवर आली गं." मी निपाणीच्या स्वयंपाकघरात आनंदानं ओरडलेच. "बघ! आता तोंडं बंद झाली का न्हाय सगळ्यांची?"

ती खालच्या आवाजात म्हणाली,

"सगळी म्हणत्यात, लेक गेली आणि साय परत आली."

मी तेलाचं सांग म्हणाले. तिनं सांगितलं होतं. सगळी हसली होती. तेलानं कुठं फॅट कमी हुतीया व्हय, म्हणाली.

दिवाळीची तयारी सुरू झाली तशी मी बॅग काढली. पोरीला आजीनं शिवलेलं झबलं घालून न्यायचं ठरवलं होतं. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. पोरगी काय करते विचारलं, दात आले का विचारलं. मग म्हणाली,

"यंदा येऊ नगंस, बाई. गाय आटली की ये. मग खुशाल ऱ्हा."