भाचीचं मधलं नाव

घुगऱ्या शिजल्याचा वास आला, की माझी जीभ आपोआप आत जाते. भाचीच्या बारशाला असाच वास सुटला होता. तिचे वडील पहाटेच ट्रॅक्टर घेऊन शिरोळकडं पुरातली माणसं काढायला गेलेले आणि दुपारपासून त्यांचा फोन लागत नव्हता. बहिणीला लेकीच्या नावापुढं बापाऐवजी स्वतःचं नाव लावायचं होतं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले, तेव्हा मी शहाण्यानं तोंड उघडलं, "लावा की आईचंच. बापाचा काय भरवसा हाय?" पाळणा हलायचा थांबला. "पावणं, घुगऱ्या खावा," बहिणीची सासू म्हणाली. बहिणीनं पुन्हा फोन लावून बघितला, मग हळूच म्हणाली, "त्यांचंच लावा." भाची आता शाळेत तेच नाव सांगते, तिचे वडील मात्र त्या पुरातून परत आले नाहीत. बारशाला मला अजून बोलावतात, फक्त आल्याआल्या घुगऱ्यांची वाटी हातात देतात.