पऱ्हाटीच्या जाळाची गणितं

मास्तर एका कॉम्प्युटरभोवती बसले की काम कमी आणि किस्से जास्त! हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे आम्ही तिघं: विभागप्रमुख कदम सर, पुसेगावचे शेख सर आणि मी. शेख सरांची पीएचडी पऱ्हाटीच्या जाळावर. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरतात त्या काड्या. पीएचडी रखडलेली, मुदत संपत आलेली.

सगळी भिस्त एका ऑनलाइन पोर्टलवर. इंधन कसं जळतं याची गणितं जगभरचे संशोधक तिथं सामायिक फायलीत ठेवायचे. कोणीही उचलावीत, सुधारावीत, दूरच्या बड्या कॉम्प्युटरवर चालवावीत. आता पोर्टल बंद झालं, कदम सर रिटायर झाले. फार आठवण येते त्या दिवसांची.

*

त्या दूरच्या कॉम्प्युटरला रांग असायची. कदम सरांची उभी हयात सेनगावच्या एसटीत गेलेली! सकाळीच 'रुमाल' नावाची रिकामी फाईल टाकून जागा धरायचे.

एकदा परदेशातून नम्र मेल आला, "हे रुमाल नावाचं इंधन कुठं मिळतं?"

*

एकदा मे महिन्यात माझ्या गणितात पेट्रोल पेटेचना! मी तापमान घातलं होतं हिंगोलीचं, ४४. पोर्टल धरायचं केल्विन, म्हणजे उणे सव्वादोनशेच्याही खाली.

कदम सर म्हणाले, "हिंगोलीच्या उन्हाळ्यात पेट्रोल गोठवणारा तू पहिलाच!"

*

लाईट गेली की मी हळहळायचो. कदम सर मात्र खुशीत. "जाऊ दे की! इथं अंधार, अन् तिकडं आपली पऱ्हाटी जळून राहिली!"

*

शेख सरांचं उत्तर काही केल्या प्रत्यक्ष मोजमापाशी जुळेना. वैतागून त्यांनी लॅपटॉप घरी नेला, मीही सोबत गेलो. त्यांच्या अम्मींनी जन्मभर पऱ्हाटीवर भाकरी भाजलेल्या. पडद्यावरचा जाळ बघून त्या मला म्हणाल्या, "सर, ह्याला धूर काहून न्हाई? पऱ्हाटी आतून वली ऱ्हाती की!"

आम्ही फाईल उघडली. ओलावा शून्य! जगभर सगळे तीच वापरत होते. शेख सरांनी ओलावा घातला आणि उत्तर बराबर जुळलं. दुरुस्ती कोणी केली, त्या रकान्यात त्यांनी लिहिलं: रझिया शेख, पुसेगाव.

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. तीच फाईल त्यांनीही वापरलेली. म्हणाले, "या रझिया शेख कोणत्या विद्यापीठात असतात? मला त्यांना भेटायचंय."

शेख सरांनी नुसतं मागच्या रांगेकडं बोट केलं.

अम्मी घाबरून उभ्या राहिल्या. पदर सावरत म्हणाल्या, "काई चुकलं काय, सायेब?"

परीक्षक खुर्चीवरून उठून उभे राहिले.