कांचन नाव विचारते

कांचन बोरकुटे मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने माझं नाव विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळाने रक्ताची पिशवी घेऊन आली आणि पुन्हा विचारलं.

"अगं, आत्ताच सांगितलं ना?"

"मावशी, मघाशी सुई लावायची होती म्हणून विचारलं. आता रक्त लावायचंय म्हणून विचारते. पूर्ण नाव आणि जन्मतारीख."

आवाजात राग नाही आणि लाडही नाही. एसटीतला कंडक्टर "तिकीट?" म्हणतो तसा आवाज. मला तो आवडला. हॉस्पिटलात "हाऊ आर वी टुडे" म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. आम्ही दोघी मिळून आजारी नाही, मी एकटीच आहे.

माझ्या हाडातल्या मगजाला आता रक्त तयार करायचा आळस आलाय. गेली दोन वर्षं मी महिन्यातून एकदोनदा इथे न्यू जर्सीत आयसेलिनजवळच्या एका हॉस्पिटलात जाते आणि दुसऱ्याचं रक्त अंगात घेऊन घरी येते. लांबलचक खोली, रांगेने मागे कलणाऱ्या खुर्च्या, मधे पडदे, समोर कुणीच न बघणारा टीव्ही. एक पिशवी संपायला तीन तास लागतात. एवढ्या वेळात माणूस शेजाऱ्याचं सगळं ऐकतो. ऐकू नये म्हणतात. मग पडदे तरी जाड लावावेत.

कांचन मूळची भंडाऱ्याची. नागपूरला नर्सिंग शिकली, तिथल्या सरकारी दवाखान्यात आठ-दहा वर्षं राबली, मग मस्कत, मग इथल्या परीक्षा देऊन न्यू जर्सी. आता साठीच्या अलीकडे आहे. आपल्या मराठी मंडळात तिची एक गंमत चालते. नवीन कुणी भेटलं की "कांचन हॉस्पिटलमध्ये असते" असं सांगतात. समोरच्याचा चेहरा उजळतो, "अय्या, डॉक्टर?" "नाही, नर्स." चेहरा जरा विझतो. आणि पंधरा मिनिटांनी तोच चेहरा तिला कोपऱ्यात गाठून आपल्या बीपीच्या गोळ्या दाखवतो. कांचन ताट हातात धरून ऐकते. मी असते तर ताट त्यांच्या हातात दिलं असतं.

"इतकं नाव-नाव काय करतेस?" असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"आमच्या सिस्टर होत्या नागपूरला, ट्यूटर. त्यांनी हातावर पट्टी मारून शिकवलं. पेशंटला कधी 'तुम्ही अमुक का?' असं विचारायचं नाही. माणूस हो म्हणतो. घाबरलेला असतो, ऐकू कमी येतं, नाहीतर समोरच्याचा मान राखायचा असतो. त्याच्या तोंडून नाव येऊ द्यायचं. आणि आधी माणसाला विचारायचं, मग कागदाला. आता कागदाच्या जागी मशीन आलंय, एवढंच."

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगते. त्या दिवशी मी गेले तेव्हा कांचनचा चेहरा राखेसारखा होता. दोन नर्सेस आजारी म्हणून आल्या नव्हत्या, तिचा सलग पाचवा दिवस होता आणि उजवा गुडघा सुजला होता. माझी सुई लावताना ती म्हणाली, "मावशी, मला घरून फोनवरची नोकरी मिळतेय. इन्शुरन्सवाल्यांशी बोलायचं, पेशंटला औषध मंजूर करून द्यायचं. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"काही नको जाऊस," मी म्हटलं. स्वार्थ होता, उगाच कशाला लपवू? माझ्या शिरा तिच्याइतक्या कुणाला सापडत नाहीत.

"पोटापाण्याचं नाही हो. नवऱ्याचा पगार आहे, लेकीचं, रुहीचं कॉलेज संपत आलंय. मला भीती वाटते. थकलेली बाई रक्ताच्या पिशवीजवळ नसावी. एखाद्या दिवशी माझे हात चालतील आणि डोकं नसेल. तो दिवस आला की नाही हे मला कसं कळणार?"

मी म्हटलं, तुझं डोकं कुठे जात नाही. बोलायला काय जातं.

शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ आले. पांढरेफटक, ओठांना रंगच नाही. बरोबर मुलगा, गुरुदत्त, मांडीवर लॅपटॉप, कानात फोनचं यंत्र, ऑफिसची मीटिंग चालूच. फोनचं चार्जर माझ्या बाजूच्या भिंतीत लावायला त्याने मधला पडदा सरकवला आणि मग तो तसाच राहिला. गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे तासगावचे, शशिकांत पाटील. एवढं सांगतानाच त्यांना धाप लागली, तेव्हा मीच त्यांना गप्प बसा म्हटलं.

कांचन आणि तिच्याबरोबरची नर्स लॉरेन, दोघी पिशवी घेऊन आल्या. नियमच आहे, दोघींनी तपासायचं. एकीने पिशवीवरचं मोठ्याने वाचायचं, दुसरीने पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीवरचं. नाव जुळलं. जन्मतारीख जुळली. नंबर जुळला, रक्ताचा गट जुळला. मशीनने पट्टी वाचली, पिशवी वाचली आणि हिरवा दिवा दाखवला. तेवढ्यात पलीकडे कुणाचा तरी सलाईनचा पंप ओरडायला लागला आणि लॉरेन तिकडे धावली. कांचनने पिशवी अडकवली, नळी जोडली, आणि रक्त सोडायला नळीच्या चिमट्यावर बोट ठेवलं.

मग म्हणाली, "काका, पूर्ण नाव सांगा."

गुरुदत्तने कानातलं यंत्र काढलं. "त्यांनी खाली फ्रंट डेस्कला सांगितलंय ऑलरेडी."

"मला नाही सांगितलं."

"शशिकांत गणपत पाटील," गृहस्थ डोळे मिटूनच म्हणाले.

"जन्मतारीख?"

"एक जून, शेहेचाळीस. खरी नाही हं ती. गुरुजींनी लावलेली."

आमच्या पिढीत निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मला आहे, कागदावर. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, केव्हाचा? आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. गुरुजी मान वर न करता लिहायचे, एक जून. शाळा त्याच महिन्यात उघडायची, वय बरोबर बसायचं, गुरुजींचं काम झालं. मला हे ठाऊक आहे, कांचनला ठाऊक आहे, तिच्या वडिलांचाही एक जूनच. लॉरेनला कुठून ठाऊक असणार?

कांचनचं बोट चिमट्यावरून निघालं. तिने काकांचं मनगट उचलून पट्टी डोळ्यांजवळ नेली.

"काका, इथे मधलं अक्षर आर आहे. गणपतचं जी पाहिजे."

"टायपो असेल," गुरुदत्त म्हणाला. "अहो, माझ्या लायसन्सवर माझं मिडल नेम अर्धंच आहे. बाकी सगळं मॅच झालं ना? ग्रीन आला ना?"

"काका, या रक्तासाठी तपासणीचं रक्त दिलंत ते कधी?"

"सोमवारी. हा घेऊन आला होता."

"कॉम्प्युटरवर मंगळवार आहे."

"मॅडम, बाबांचं हिमोग्लोबिन सिक्स पॉइंट टू आहे. ते इथे कोलॅप्स झाले तर तुम्ही रिस्पॉन्सिबिलिटी घेणार? प्लीज, यार, चालू करा ना!"

"त्यांना रक्त हवंय. हे नकोय," कांचन म्हणाली आणि नळी सोडवून पिशवी उतरवली. "काका, खाली पट्टी बांधताना त्या बाईने काय विचारलं?"

"विचारलं, शशिकांत पाटील, जून फर्स्ट?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"येस येस म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बरोबरच होतं."

पुढचा तासभर फोन चालले होते. दोन शशिकांत पाटील होते. एक गणपतरावांचे, एक रामचंद्ररावांचे. दोघेही कागदावर एकाच एक जूनचे, दोघेही त्याच दिवशी रक्तासाठी यायचे होते, एक सकाळी, एक दुपारी. खाली यादीत पहिलं दिसलं ते नाव त्या बाईने उघडलं आणि दुपारच्या पाटलांची पट्टी सकाळच्या पाटलांना बांधली. मग रक्तपेढीने पट्टीप्रमाणे पिशवी पाठवली. मशीनने पट्टी आणि पिशवी जुळवली, आणि ती जुळलीच. खोटं कुणीच बोललं नाही, मशीनसुद्धा. फक्त पट्टीच्या आतला माणूस वेगळा होता. पिशवी ए गटाची होती आणि हे गृहस्थ ओ. चार-सहा चमचे आत गेले असते तरी हुडहुडी, पाठीत कळ, मूत्रपिंडं बंद. त्या अवस्थेत वाचले असते की नाही, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गुरुदत्तने लॅपटॉप मिटला. मघाचा आवाज गेला होता. "सॉरी, मावशी," म्हणाला. कांचनला मॅडमची मावशी व्हायला तेवढा तास लागला.

काकांना मात्र कसलं वाईट वाटलं नव्हतं. नवी पट्टी बांधून घेताना म्हणाले, "पोरी, बापाने आयुष्यात मला एक फुटकी विहीर ठेवली होती. आज त्याचं नाव तरी उपयोगी पडलं."

"काका, आता बोलू नका, धाप लागतेय."

दुपारी त्यांची खरी पिशवी आली. या वेळी कांचनने पिशवीला हात लावायच्या आधी त्यांना नाव विचारलं, लॉरेनने नंतर पुन्हा विचारलं, मग मशीन. रक्त अगदी हळू सोडून कांचन स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली. पहिली पंधरा मिनिटं नर्सने हलायचं नसतं. "पाठ दुखते? थंडी वाजते? छातीत जड?" ती विचारत होती. ते नाही, नाही म्हणत होते. मग त्यांना झोप लागली आणि ओठांवर हळूहळू रंग आला.

मॅनेजर येऊन गेली. "गुड कॅच, कांचन! वॉलवर फोटो लावू या." कांचन हसली नाही.

मग ती माझी सुई काढायला आली. मी म्हटलं, "आता तरी त्या फोनवरच्या नोकरीचा विचार सोड. आज तू नसतीस तर?"

"मावशी, तुम्ही पाहिलंत ना? मी आधी मशीनला विचारलं."

"पण माणसाला विचारलंस ना शेवटी!"

"मी नाही विचारलं. तोंडाने विचारलं, सवयीने. मी तिथे नव्हतेच. रुहीच्या गाडीचे ब्रेक कुठे दाखवायचे, हा विचार चालला होता माझा. पिशवी लटकवून झाली होती. बोट चिमट्यावर होतं. एवढी वर्षं माझा क्रम कधी चुकला नाही."

"एकदा चुकला. काय बिघडलं?"

तिने माझ्या हातावर कापूस दाबून धरला आणि माझ्याकडे पाहिलं. माझा प्रश्न मलाच मूर्खासारखा वाटला.

संध्याकाळी काकांना चाकाच्या खुर्चीतून नेलं. माझा नातू ट्रॅफिकमध्ये अडकला होता, म्हणून मी बसूनच होते. कांचन काकांच्या रिकाम्या खुर्चीत टेकली, बूट काढले, सुजलेला गुडघा लांब केला, आणि फोन करून त्या नव्या नोकरीवाल्यांना हो सांगितलं. तीन वाक्यांत. मग लॉरेनला हाक मारली.

"आज मी उलटं केलं," ती इंग्रजीत म्हणाली. "आधी स्कॅन, मग पेशंट."

"बट यू कॉट इट!"

"मी त्याच्या आधीचं बोलतेय. आधी पेशंटने स्वतःच्या तोंडाने पूर्ण नाव सांगायचं. तू सुचवायचं नाहीस. मग मशीन. परत म्हणून दाखव."

लॉरेन हसली. तिला वाटलं, थट्टा आहे. कांचन बूट हातात धरून वाट बघत राहिली. मग लॉरेनने हसणं थांबवलं आणि म्हणून दाखवलं.