चहाच्या आधीचं मत

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच कबूल करतो. सदतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची सवय काही निवृत्तीबरोबर गेली नाही. त्यात डोकं तापट. वारज्याच्या आमच्या बागेत सकाळी फिरायला येणारे लोक आमच्या बाकाला जरा लांबूनच वळसा घालतात, त्याला कारण मी.

बाकावर आम्ही तिघं. आबा इथले, मूळ गावातले. बाग आहे तिथं पूर्वी त्यांचा कांदा असायचा. दुसरे साहेब. सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, घरी बुद्धवंदना करून मगच बाहेर पडणारे, आवाज कधीही न चढवणारे. आणि तिसरा मी, म्हणजे ‘सर’. विषय कुठलाही चालतो. देव आहे का, माणूस स्वतःच्या मर्जीने वागतो का, यंत्रं विचार करायला लागली तर त्यांना मतदानाचा हक्क द्यायचा का, जात कधी जाणार. आबांचा तर ठरलेला प्रश्न आहे, “सर, आभाळ संपतं तिथनं पुढं काय हाय?” याचं उत्तर अजून कुणाला देता आलेलं नाही, पण त्यावरून महिन्यातून एकदा तरी जुंपतेच.

तीन वर्षांपूर्वी आत्म्यावरून खरंखुरं भांडण झालं. मी आबांना म्हणालो, “तुम्हाला काडीची अक्कल नाही.” आबा तीन आठवडे बागेत फिरकले नाहीत. शेवटी साहेब त्यांच्या घरी गेले, त्यांना घेऊन आले आणि आम्हाला नियम घालून दिला. आयुष्यभर सुनावण्या घेतलेला माणूस तो! नियम असा, की थर्मास उघडेपर्यंत ज्याने त्याने आपलं मत मांडायचं. चहा झाला की बाजू बदलायची आणि समोरच्याचं मत आपलंच आहे असं समजून जीव तोडून बोलायचं. जो नुसत्या पाट्या टाकेल त्याने सगळ्यांचे पेले धुवायचे.

मला पेले धुवायचा भयंकर कंटाळा. त्यामुळे चहानंतर मी असा काही पेटायचो की विचारू नका. भुतं असतात, हे मी एकदा इतकं पटवून दिलं की आबा हात जोडून म्हणाले, “सर, बास करा आता. मला घरी एकट्याला जायचंय.”

आमची ही बागेच्या दुसऱ्या टोकाला योगासनांच्या वर्गाला जाते. वर्ग सुटला की येऊन बाकामागे उभी राहते, मग भाजी घेत आम्ही घरी जातो. आमच्या नियमाबद्दल मी तिला कधी बोललो नव्हतो. बाकाचा विषय काढला की ती एवढंच विचारायची, “आज कुणाला रडवलंत?” म्हणून मी तो काढतच नसे.

एका रविवारी विषय निघाला, मेल्यानंतर देह कोणाचा? मी अर्थातच देहदानाच्या बाजूने. पोरांना आयुष्यभर हृदयाचा तक्ता दाखवला. जी डॉक्टर होणार त्यांना खरं हृदय बघायला नको? जाळून काय मिळवता? आबा म्हणाले, “न्हाय बुवा. माझी राख मुठा नदीतच पडाय पायजे.” मग चहा झाला आणि बाजू बदलली. आता देहदानाच्या विरोधात काय बोलावं, मला सुचेना. एकदम बायको डोळ्यांसमोर आली आणि मी सुटलोच.

“जिच्या हातची भाकरी चाळीस वर्षं खाल्ली, तिचा हात कुणा अनोळखी पोरांनी टेबलावर ठेवून चिरायचा? मी असेपर्यंत हे होऊ देणार नाही! कुणी सही मागायला आलं तर तंगडं मोडून हातात देईन!”

पलीकडचा हास्यक्लब गप्प झाला. आबा आपली पाळी विसरून डोळे पुसायला लागले. साहेब म्हणाले, “सर, आज पेले मी धुतो.” मागे वळून बघतो तर ही उभी. घरी जाताना तिने कोथिंबिरीची जुडी न निरखताच पिशवीत टाकली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

चार दिवसांनी गॅसचं पुस्तक शोधताना कपाटात एक अर्ज सापडला. देहदानाचा. तिच्या अक्षरात सगळा भरलेला, फक्त जवळच्या नातेवाइकाच्या सहीची जागा रिकामी.

“हे काय आहे?”

“दिसतंय की. अर्ज आहे.”

“आणि मला कधी सांगणार होतीस?”

“त्याच रविवारी. पण तुम्ही तंगडं मोडणार होतात ना. म्हटलं, आहेत ते दोन पाय बरे आहेत.”

मी कपाळावर हात मारला. “अगं, ते चहानंतरचं होतं!” मग तिला नियम समजावून सांगितला. तिचा वर्ग सुटायचाच आमच्या चहानंतर. ती पलंगावर टेकलीच.

“म्हणजे तीन वर्षं मी जे ऐकत आले ते तुमचं मत नव्हतंच?”

“एकही नाही.”

“भुतं?”

“छे!”

“अहो, तुम्ही घाबरता म्हणून मी रात्रभर पॅसेजमधला दिवा चालू ठेवते!”

त्या दिव्यावरून मी वर्षभर आरडाओरडा करत होतो. मग एकेक बाहेर यायला लागलं. मी उपवासाचे गुण गायले म्हणून दर एकादशीला माझ्या पानात भगर पडत होती. मी ती तिचं व्रत समजून मुकाट्याने गिळत होतो. ‘आजोबांची इच्छा’ म्हणून नातीची जन्मपत्रिकासुद्धा करून झाली होती! आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

“हसून झालं असेल तर करा सही,” ती म्हणाली आणि पेन पुढे केलं.

मी पेन घेतलं. टोपण काढलं, परत लावलं.

“आता काय झालं? मत तर तुमचंच आहे.”

“मत माझंच आहे गं,” मी म्हणालो, “पण ते दुसऱ्यांच्या बायकांसाठी होतं.”

बोललो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकावर इतकी वर्षं तावातावाने भांडलो, पण त्यातला एकही प्रश्न माझ्या घराचा उंबरा ओलांडून आत आला नव्हता. आणि हिला कुणी हात लावायचा, ही कल्पनाच मला सहन होईना. तसं तिला सांगितलंसुद्धा. ती चिडली नाही. माझ्या शेजारी येऊन बसली.

“दहावीला शास्त्रात वर्गात पहिली आले होते मी. डॉक्टर व्हायचं होतं. वडील म्हणाले, मुलीला एवढं शिकवून काय करायचंय? अर्जातल्या त्या मेडिकल कॉलेजवरून आपली बस जाते ना, मी अजून खिडकीतून बघते. आत कधी पाऊल टाकलेलं नाही.”

तिचे मार्क मला ठाऊक होते. चारचौघांत कौतुकाने सांगायचोही. पण तुला काय व्हायचं होतं, हे चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

“तुम्ही सदतीस वर्षं शिकवलंत,” ती म्हणाली. “आता मलाही एकदा वर्गावर जाऊ द्या की.”

मी सही केली.

“नाक पुसा आधी,” ती म्हणाली. “अर्ज भिजतोय.”