बोट पुढे करणारी मुलगी

बेटेगावजवळच्या एका शाळेत आठवी-नववीच्या मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. सुई बघून एकीचंही बोट पुढे येईना. पालघरच्या नर्सिंग कॉलेजात मी मुलांच्या आरोग्याचा विषय शिकवते. त्या वर्षी वयात येणाऱ्या मुलींमधल्या रक्तक्षयावर माझं संशोधन चाललं होतं आणि तपासणीसाठी मी माझ्या काही विद्यार्थिनींना सोबत नेलं होतं.

त्यातली एक उमरोळीहून येणारी, सगळ्यात हसरी. ती म्हणाली, "मॅडम, आधी माझं बोट टोचा. बघतील तर घाबरायच्या नाहीत."

मी टोचलं. ती मुलींकडे बघून डोळे मिचकावत होती. मशीनवर हिमोग्लोबिनचा आकडा आला पाचाच्याही खाली. निदान बारा तरी हवा. मशीन बिघडलं असेल म्हणून मी माझं बोट टोचून पाहिलं, तर आकडा अगदी ठीक आला. तिचं दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच.

सकाळी हीच मुलगी सामानाची पेटी उचलून जिना चढली होती.

"दम लागतो का गं?"

"लागतो थोडा. सगळ्यांनाच लागतो ना, मॅडम?"

खालची पापणी ओढून पाहिली, तर आतून पांढरीफटक आणि बुबुळाभोवती पिवळसर झाक. रोज वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलगी. तपासणी दुसऱ्या शिक्षिकेवर सोपवून मी तिला रिक्षात घातलं आणि पालघरला दवाखान्यात नेलं. वाटेत ती मलाच धीर देत होती.

संध्याकाळी तिची आई आली. रक्ताची पिशवी लावलेली बघून ती दारातच खाली बसली.

"हिची मोठी बहीन पन अशीच पिवली पडली व्हती, बाय," ती म्हणाली. "आमी म्हटलं कावील हाय. झाडपाल्याचं औषद दिलं. नववीत व्हती. नाय वाचली."

पलंगावरची मुलगी आईकडे बघतच राहिली. "तू तर म्हणालीस तिला ताप आला होता," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तपासणीत सिकलसेल निघाला, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन लवकर मरतात तो आजार. तो आईबापांकडून येतो, आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. तिनेही ते वहीत उतरवून घेतलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं.

ती त्यातून सावरली. गोळ्या कायमच्या लागल्या, एक सत्र बुडालं, पण तिने शिक्षण पुरं केलं. आता बोईसरला एका दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलीची सिकलसेलची तपासणी मी तेव्हापासून पहिल्याच आठवड्यात करवून घेते. दर वर्षी एखादी तरी निघतेच, आणि रिपोर्ट हातात आला की अजूनही मला खुर्ची ओढून बसावं लागतं.